नमुन्यांवर आधारलेल्या ग्रँड पियानोची निवड

पियानोची पट्टी दाबली असता घडणारी क्रिया दिसते तितकी साधी नसते. तारेवर आदळण्यापूर्वीच हातोडी पट्टीच्या बंधनातून सुटलेली असते. त्यानंतर तो नाद केव्हा थांबवावयाचा एवढेच वादकाच्या हाती उरते. हातोडीचा वेग वाढला म्हणजे नाद केवळ मोठा होतो असे नव्हे, तर हातोडीवरचा नमदा दबून कठीण होतो, वरचे स्वरांश प्रबळ होतात आणि नादाचा रंगच पालटतो. ध्वनिमुद्रित नमुन्यांतून, म्हणजेच सॅम्पलांतून, संगणकावर पियानो उभा करू पाहणाऱ्यांपुढील मुख्य अडचण हीच होय. मंद आघाताचा नमुना आवाज वाढवून ऐकविल्याने जोरकस आघाताचा नाद मिळत नाही.

म्हणून प्रत्येक पट्टीचे निरनिराळ्या वेगांचे नमुने घ्यावे लागतात. १९८३ साली रूढ झालेल्या मिडी पद्धतीत आघाताच्या वेगाचे १ ते १२७ असे अंश मानले आहेत. पण नमुन्यांचे थर बहुधा याहून पुष्कळच कमी असतात. ८८ पट्ट्या, १६ थर आणि पेडलच्या दोन अवस्था धरल्या, तर २,८१६ नमुने होतात. प्रत्येक नमुना वीस सेकंदांचा, दोन वाहिन्यांचा, २४ बिटांचा व सेकंदाला ४४,१०० मापनांचा मानल्यास सुमारे १५ गिगाबाइट जागा लागते. ध्वनिग्राहकांच्या तीन जागा ठेवल्या की तोच आकडा ४५ च्या घरात जातो. जाहिरातींतून हा आकडा मोठ्या अभिमानाने मिरविला जातो. वस्तुतः त्याने परिश्रमाचे माप कळते, गुणवत्तेचे नव्हे.

मूळ वाद्य कोणते आणि ते कोठे मुद्रित झाले, ह्यास अधिक महत्त्व द्यावयास हवे. गॅरिटनच्या सीएफएक्स संचातील यामाहा वाद्य लंडनच्या ॲबी रोडमधील विस्तीर्ण दालनात मुद्रित झाले आहे. त्या दालनाचा अवकाश त्या नादात मिसळलेला आहे. व्हिएन्ना इम्पीरियलमध्ये ९७ पट्ट्यांचा बोसेनडॉर्फर यंत्राकरवी वाजवून एकेका पट्टीचे बाराशेपर्यंत नमुने घेतलेले आहेत. एकल वादनात ही समृद्धी शोभते. परंतु तबला, बास व गायन ह्यांच्या सोबतीस तोच भरघोस खर्ज अडचणीचा ठरतो, आणि शेवटी मुद्रकाला तो कापूनच काढावा लागतो. तेथे जवळून मुद्रित केलेला, उजळ व आटोपशीर नादाचा पियानो घेणेच शहाणपणाचे. सुगम संगीताच्या स्टुडिओंतून यामाहा सी-७ लोकप्रिय झाला तो उगाच नव्हे.

नमुनापद्धतीची खरी मर्यादा मात्र निराळी आहे. नमुने सुटे घेतलेले असतात. तारा मात्र परस्परांना प्रतिसाद देतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अनुनादाची जोड गणिताने द्यावी लागते. मोडार्ट ह्या फ्रेंच संस्थेच्या २००६ साली आलेल्या पियानोटेकने नमुनेच वर्ज्य करून तारांचे व फलकाचे कंपन गणिताने सिद्ध करण्याचा मार्ग पत्करला. त्यात थरांचे सांधे उरत नाहीत, अर्धे पेडलही सहज साधते; परंतु प्रत्यक्ष लाकडाचा व दालनाचा खरखरीतपणा त्यात उणा वाटतो, असे म्हणणारे अनेक श्रोते आहेत.

निवडीपूर्वी दोन परीक्षा अवश्य कराव्यात. मध्य सप्तकातील एकच पट्टी अगदी मंद आघातापासून क्रमाने जोर वाढवीत वाजवावी. रंग एकाएकी बदलला, तर तेथे थरांचा सांधा उघडा पडला असे समजावे. ही परीक्षा मंद आघातांच्या टोकाशी विशेष बारकाईने करावी, कारण उणीव बहुधा तेथेच दडलेली असते. दुसरी परीक्षा अशी: खर्जातील सा आवाज न होऊ देता दाबून धरावा आणि त्यावरचा सा तुटक वाजवावा. खऱ्या पियानोत वरची पट्टी सुटल्यावरही खालची तार त्या वरच्या सुरात गुणगुणत राहते.