ई-चलन आले, भरायचे, लढायचे की लोकअदालतीत जायचे?

परभणी : मुलगा पुण्यात कामाला, गाडी एमएच-२२ पासिंगची आणि कागदोपत्री वडिलांच्या नावावर. सिग्नल तुटतो पुण्यात, मेसेज येतो पालम किंवा सोनपेठला वडिलांच्या मोबाइलवर. काही महिन्यांनी दुसरा मेसेज : थकीत चलन लोकअदालतीत ठेवले आहे, हजर राहावे. 'अदालत' हा शब्द वाचूनच घर हादरते. आता अटक होणार का? नाही.

ई-चलन हा आरोप असतो, निकाल नव्हे. दंड भरला की तडजोड झाली, प्रकरण तिथेच मिटले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० मध्ये ही सोय आहे. चूक आपलीच असेल तर वकिलाच्या फीपेक्षा हे स्वस्त पडते. चूक मान्य नसेल तर आधी चलनातील फोटो नीट पाहावा. नंबरचा एखादा अंक चुकीचा वाचला गेला असेल किंवा फोटोतली गाडीच दुसरी असेल, तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते. मात्र मेसेजमधली अनोळखी लिंक उघडू नये. ई-चलनाच्या नावाने बनावट ॲप पाठवून बँक खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या आहेत. आणि गाडी मुलगा चालवत होता, तर पोलिसांनी विचारल्यावर चालकाची माहिती देणे कलम १३३ नुसार मालकाला बंधनकारक आहे.

नोटीस वेगळी, समन्स वेगळे

दाखलपूर्व प्रकरणात लोकअदालतीची नोटीस म्हणजे तडजोडीचे निमंत्रण. गेले नाही म्हणून वॉरंट निघत नाही. पण चलनही मिटत नाही, ते पुढे न्यायालयात जाऊ शकते. तिथे दोघांच्या संमतीशिवाय निवाडा होत नाही. एकदा झाला, की त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ येते आणि त्यावर अपील नाही. त्यामुळे सही विचार करूनच करावी. न्यायालयाचे समन्स मात्र टाळू नये. तारखेला गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते आणि पाचशेच्या दंडापायी पोलिस दारात येतात.

'गुन्हा कबूल' म्हणण्याआधी

दारू पिऊन गाडी चालवण्याचे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, ते न्यायालयातच जाते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत. 'कबूल करून मोकळे व्हा' हा कोर्टाच्या आवारातला सल्ला अनेकांना सोपा वाटतो. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि ती नोंद राहते. कबूल नसेल तर आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. चाचणी कधी, कोणत्या यंत्राने, कोणी केली, हे उलटतपासात विचारण्याचा हक्क आरोपीला आहे.

अपघातात मृत्यू झाल्यास गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली नोंदवला जातो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, पण गुन्हा जामीनपात्र. पळून गेल्यास दहा वर्षांची तरतूद असलेले उपकलम १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना बाजूला ठेवण्यात आले होते. ट्रकचालकांच्या संपाचे कारण तेच.

गाडी विकली, नाव राहिले

आपल्याकडे सर्वांत महागात पडणारी चूक हीच. स्टॅम्पवर लिहून घेतले, पैसे घेतले, चावी दिली. आरटीओत नाव बदललेच नाही. पुढची सगळी चलने मूळ मालकाला. अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यातही नोंदीतला मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. विक्रीची माहिती राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवावी लागते.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर कलम १९९ अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द.

वकील परवडत नसेल तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तो मोफत मिळतो. साधा अर्ज पुरतो. परभणीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, तालुक्यात तालुका विधी सेवा समितीकडे.