अग्निबाणाच्या पोटांतील अग्नि
(डॉ. वसंत गोवारीकर यांचें स्मरण)

अग्निबाण आकाशांत चढूं लागला म्हणजे पाहणाऱ्यांचें सर्व लक्ष त्याच्या शेंड्याकडे असतें. शेंड्यावर उपग्रह असतो, आणि वर्तमानपत्रांत वर्णन येतें तें बहुधा त्याचेंच. परंतु त्या उपग्रहास वर नेणारें इंधन खालीं अग्निबाणाच्या पोटांत असतें. तें थोड्याच मिनिटांत जळून जातें, आणि मागें धुराखेरीज कांहीं उरत नाहीं. हें इंधन आपल्याच देशांत तयार व्हावें म्हणून ज्यांनीं उमेदीचीं वर्षें खर्चीं घातलीं, त्यांत डॉ. वसंत गोवारीकर यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. ता. २ जानेवारी २०१५ रोजीं पुण्यास वयाच्या ८१ व्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या चरित्रांत आमच्या वाचकांनीं विचार करण्याजोगें पुष्कळ आहे, म्हणून हें स्मरण.

ता. २५ मार्च १९३३ रोजीं पुण्यास त्यांचा जन्म झाला. बालपण व शिक्षण मात्र कोल्हापुरास झालें. पुढें ते इंग्लंडांत बर्मिंगहॅम विद्यापीठांत रासायनिक अभियांत्रिकी शिकावयास गेले. तेथें प्रा. गार्नर यांच्या हाताखालीं घन व द्रव पदार्थांमधील उष्णतेच्या व द्रव्याच्या देवघेवीसंबंधीं त्यांनीं जें संशोधन केलें, तें गार्नर-गोवारीकर सिद्धांत या नांवानें ओळखलें जातें. त्यानंतर हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रांत व समरफील्ड येथें, जेथें अग्निबाणांच्या घन इंधनाचेंच काम चाले, त्यांनीं नोकरी केली. मुलगा विलायतेंत अशा मानाच्या जागीं लागला म्हणजे त्या काळीं घरच्या मंडळींनीं देवापुढें साखर ठेवावी, अशीच ती गोष्ट होती. तरीहि सन १९६७ मध्यें तें सर्व सोडून ते स्वदेशीं परतले.

परतले ते कोठें, तर केरळांत त्रिवेंद्रमजवळच्या थुंबा नांवाच्या कोळ्यांच्या वस्तीवर. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्तरेषा तेथून जवळून जाते म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांनीं ती जागा निवडली होती. तेथील बिशपांनीं व गांवकऱ्यांनीं आपलें मेरी मॅग्डलिनचें प्रार्थनामंदिर या कामासाठीं सोडून दिलें. त्याच वास्तूंत कचेरी व प्रयोगशाळा थाटली गेली. अग्निबाणाचे भाग सायकलीवरून नेल्याचें तेथील छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. ता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं तेथून पहिला अग्निबाण सुटला खरा. पण तो अमेरिकेचा होता. आपला स्वतःचा 'रोहिणी' अग्निबाण सन १९६७ मध्यें उडाला, त्याची जाडी अवघी ७५ मिलिमीटर होती.

घन इंधन म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. चुलींतील लाकूड जळतें तें हवेंतील प्राणवायूवर. अति उंचावर हवाच नाहीं. म्हणून जळणाऱ्या पदार्थाबरोबर जाळणारा प्राणवायुहि सोबत न्यावा लागतो. तो अमोनियम परक्लोरेट नांवाच्या क्षारांत बांधलेला असतो. या क्षाराची व ॲल्युमिनियमची भुकटी एका चिकट, रबरासारख्या द्रव्यांत कणकेप्रमाणें मळावयाची, तो लगदा अग्निबाणाच्या नळकांड्यांत ओतावयाचा, आणि मंद उष्णतेवर कित्येक दिवस मुरूं द्यावयाचा, अशी ही कृति आहे. मधोमध एक पोकळी ठेवलेली असते. तिचा आकार कसा असावा यावर अग्नि किती जोरानें व किती वेळ जळेल हें ठरतें.

ऐकावयास हें सोपें वाटतें. पण त्या पिंडास केसाएवढी चीर पडली, तर जळण्याचें क्षेत्र एकाएकीं वाढतें, आंतला दाब अनावर होतो आणि सर्व नळकांडें फुटून जातें. शिवाय हा अग्नि एकदां पेटला म्हणजे विझवितां येत नाहीं. सर्व काळजी घ्यावयाची ती पेटण्यापूर्वींच. म्हणून प्रत्येक पिंड क्ष-किरणांनीं तपासावा लागतो.

असें इंधन बाजारांत विकत मिळत नाहीं. जो अग्निबाण उपग्रह नेतो, तोच युद्धांत अस्त्रहि नेऊं शकतो. त्यामुळें ज्या राष्ट्रांस ही विद्या अवगत होती, तीं तिच्यावर पहारा ठेवूनच होतीं. फ्रान्सशीं करार करून 'सेंटॉर' नांवाचे लहान अग्निबाण आपण बनवूं लागलों होतों. परंतु दुसऱ्याची लिहून आणलेली कृति त्या एका पदार्थापुरतीच चालते. मोठा अग्निबाण करावयाचा, तर मूळ रसायनशास्त्रापासूनच आरंभ करणें प्राप्त होतें. गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनीं तो केला. ज्या एरंडेलाचें नांव काढतांच आपल्या घरांतील मुलें तोंड फिरवितात, त्याच एरंडेलापासून या मंडळींनीं इंधनाचे घटक बांधून ठेवणारें एक द्रव्य सिद्ध केलें! पुढें श्रीहरिकोट्यास घन इंधनाचा विस्तीर्ण कारखाना उभा राहिला. त्याच्या उभारणींतहि गोवारीकरांचा वांटा मोठा होता.

सन १९७९ मध्यें विक्रम साराभाई अवकाश केंद्राचें संचालकपद त्यांच्याकडे आलें. त्याच वर्षीं ता. १० ऑगस्ट रोजीं 'एस. एल. व्ही.-३' हा आपला पहिला उपग्रह-प्रक्षेपक सुटला आणि समुद्रांत कोसळला. दोष दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेंत निघाला. घन इंधन आपल्या कामांत चुकलें नव्हतें. ता. १८ जुलै १९८० रोजीं पुन्हां प्रयत्न झाला. डॉ. अब्दुल कलाम त्या योजनेचे प्रमुख होते. २२ मीटर उंचीचा, १७ टन वजनाचा तो प्रक्षेपक सुमारें ३५ किलोचा 'रोहिणी' उपग्रह घेऊन कक्षेंत पोंचला. त्याचे चारहि टप्पे घन इंधनाचे होते.

एवढें झाल्यावर दुसरा कोणी कृतार्थ होऊन स्वस्थ बसला असता. गोवारीकर सन १९८६ मध्यें केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले, आणि त्यांची दृष्टि पावसाकडे वळली. हवामान खातें त्या वेळीं याच विभागाखालीं होतें. सन १९८७ च्या अवर्षणानें देश होरपळला होता. हिमालयावरील बर्फ, प्रशांत महासागराची उष्णता, दूरदूरचे वायुभार अशा सोळा गोष्टी एकत्र घेऊन सहकाऱ्यांसह त्यांनीं पावसाळ्याचें भाकित करणारी गणिती पद्धति बसविली. सन १९८८ पासून कित्येक वर्षें तिनें चांगली साथ दिली. पण सन २००२ मध्यें 'पाऊस सरासरीइतका' असें भाकित असतां तो १९ टक्के कमी पडला, आणि लवकरच ती पद्धति बाजूस ठेवावी लागली. आमच्या मतें यानें गोवारीकरांच्या कार्यास उणेपणा येत नाहीं. पंचांगांतील पर्जन्यफल खोटें ठरलें तर कोणी पंचांग सुधारीत नाहीं. शास्त्रीय भाकित मात्र खोटें ठरतांच त्याची जागा नवीन पद्धतीनें घेतली. तपासणी मान्य करणारी विद्या हीच खरी विद्या, आणि अशा विद्येचा पाया घालणें हेंहि मोठेंच काम होय.

ता. २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञान दिन पाळण्याचा परिपाठ सन १९८७ मध्यें त्यांच्याच सचिवपदाच्या काळांत पडला. पुढें ते पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार झाले. सन १९९५ ते १९९८ पर्यंत पुणें विद्यापीठाचे कुलगुरु होते. मराठी विज्ञान परिषदेचें अध्यक्षपदहि त्यांनीं भूषविलें. पंचाहत्तरी उलटल्यावर, सन २००९ मध्यें, सहकाऱ्यांसह त्यांनीं रासायनिक खतांचा ज्ञानकोश प्रसिद्ध केला. अग्निबाण, पाऊस आणि शेतांतलें खत हे विषय वरवर पाहतां एकमेकांपासून दूरचे दिसतात. पण पदार्थांचें मोजमाप करून तें माणसांच्या उपयोगीं पाडणें, ही एकच वृत्ति तिहींच्या मुळाशीं होती. सन २००८ मध्यें सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें.

त्यांच्या निधनापूर्वीं तीन महिने, ता. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं, भारताचें यान मंगळाभोंवतीं फिरूं लागलें. तें वर नेणाऱ्या प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यांत सुमारें १३८ टन घन इंधन होतें, आणि तें सर्व आपल्या कारखान्यांत ओतलेलें होतें. ७५ मिलिमीटरच्या त्या पहिल्या नळकांड्यापासून येथवरचा प्रवास त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिला.

आज आपल्या बहुतेक घरांतून एखादा तरी मुलगा किंवा मुलगी परदेशीं आहे, आणि त्यांच्या पत्रांची व फोनची वाट पाहणारे आजी-आजोबा घरीं आहेत. जे तेथेंच राहतात त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्याची त्याची परिस्थिति निराळी असते. परंतु परत येण्याची गोष्ट घरांत निघाली म्हणजे "येथें येऊन तो काय करणार?" हा प्रश्न वडील माणसेंच आधीं विचारतात. सन १९६७ मध्यें थुंबा येथें वाळू, नारळीचीं झाडें आणि एक जुनें प्रार्थनामंदिर यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. गोवारीकरांनीं येथें येऊन काय केलें, हें त्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एकदां आठवावें, एवढीच आमची विनंति आहे.