आजीचे बोलणे नीट टिपा

१९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. तेव्हाच्या प्रचारसभा आठवणारी माणसे आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. त्यांचे बोलणे टिपायला आपण स्वस्तातला कॅमकॉर्डर घेऊन बसतो, आणि मागाहून ऐकू येतो तो कूलर! झूमने चेहरा जवळ येतो, आवाज नाही. अंतर दुप्पट झाले की आवाजाचा जोर साधारण चौथाईवर येतो. म्हणून कॅमेराच हातभर अंतरावर न्या. पंखा-कूलर बंद, उकाड्याची कुरकुर होईल, होऊ द्या. बाहेरचा माईक जोडायची सोय नसेल तर मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून तो आजीजवळ, पदर घासणार नाही असा ठेवा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. पुढे टाळीला टाळी जुळवून चित्र व आवाज जोडता येतात. आधी मिनिटभर टिपून इयरफोनने ऐका. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर दुसरा दिवस धरा.