सीमेवरचे ते दोन दिवे

लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२५० मीटर उंचीवर, ठाकुंग हे ठिकाण आहे. तेथे आपले जवान पहारा देतात. जवळच प्रत्यक्ष नियंत्रण रेषा आहे व तिच्यापलीकडे चीनचे सैन्य. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात या भागातील जवानांनी आकाशात अनोळखी तेजस्वी वस्तू पाहिल्याच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा ती वस्तू रेषा ओलांडून आपल्या हद्दीत आली, असे त्यांना वाटले. चीनने टेहळणीसाठी धाडलेली वैमानिकरहित विमाने, म्हणजे ड्रोन, तर ही नव्हेत?

लष्कराने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांना विचारले. त्यांचे उत्तर जुलै २०१३ मध्ये वृत्तपत्रांत आले. ते दिवे होते गुरू आणि शुक्र!

हे वाचून पुष्कळ लोक हसले. आपण मात्र हसण्याआधी नोंदवही उघडून पाहू. एक दिवा संध्याकाळी ६ च्या सुमारास दिसू लागे आणि पहाटे ५ पर्यंत आकाशात असे. दुसरा पहाटे ४ ला उगवे आणि सकाळी ११ पर्यंत दिसे. आता आकाशाचे वेळापत्रक पाहा. ३ डिसेंबर २०१२ रोजी गुरूची प्रतियुती होती, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला होता. असा ग्रह सूर्यास्ताला उगवतो आणि सूर्योदयाला मावळतो. शुक्राने ६ जून २०१२ रोजी सूर्यबिंबावरून अधिक्रमण केले आणि त्यानंतर तो पहाटेचा तारा झाला. दोन्ही वेळा जुळल्या, नाही का?

पण सकाळी ११ वाजता शुक्र कसा दिसेल? दिवसा आकाश उजळते ते हवेने विखुरलेल्या सूर्यप्रकाशामुळे. ठाकुंगला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. हवा विरळ, धूळ नगण्य. त्यामुळे तेथील आकाश अधिक गडद असते आणि पहाटेपासून नजरेत धरून ठेवलेला शुक्र दिवस उजाडल्यावरही सुटत नाही.

मग तो सरकल्यासारखा का वाटतो? एक कारण खरे आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाशातील प्रत्येक ज्योती ताशी सुमारे १५ अंश सरकते. हात ताठ धरून मूठ डोळ्यांसमोर आणा. ती सुमारे १० अंश झाकते. तेवढे अंतर काटायला ग्रहाला ४० मिनिटे पुरतात. डोंगरमाथ्यावरून इकडे सरकलेला दिवा ‘हद्द ओलांडून आला’ असे वाटणे साहजिक आहे. दुसरे कारण डोळ्यांचे. काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावली, की स्थिर ठिपकाही हलताना भासतो.

ग्रह आणि विमान वेगळे ओळखायचे कसे? माझगावातल्या मुलांना हे घरीच करता येईल. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन रात्री गच्चीवर जा आणि गोदीच्या बाजूला, म्हणजे पूर्वेकडे, एखादा ठळक तारा निवडा. तो पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्याशी जुळेल अशा जागी उभे राहा, पायांभोवती खडूने खूण करा आणि वेळ लिहा. दुसऱ्या रात्री त्याच खुणेवर उभे राहा. तारा सुमारे ४ मिनिटे आधी कोपऱ्यावर येईल, पंधरा दिवसांनी सुमारे एक तास आधी. विमान असा नियम पाळणार नाही.

दुसरी कसोटी दोघांनी करायची. तुम्ही माझगावला आणि तुमचा मित्र सुमारे ४ किलोमीटर दूर परळला. एकाच क्षणी दोघांनी दिव्याची दिशा मोजा. ८ किलोमीटरवरच्या विमानाच्या बाबतीत दोन दिशांत पंचवीसेक अंशांचा फरक पडू शकतो. डिसेंबर २०१२ मध्ये गुरू सुमारे ६० कोटी किलोमीटर दूर होता. त्याच्या बाबतीत फरक जवळजवळ शून्य!

ही कसोटी केवळ गमतीची नाही. २५ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर शत्रूची विमाने आली, अशा समजुतीने तोफांनी १,४०० हून अधिक गोळे झाडले. शत्रूचे एकही विमान नव्हते. त्या गोंधळात शहरातलीच माणसे दगावली. लडाखमध्येही एप्रिल २०१३ मध्ये देपसांगच्या पठारावर दोन्ही सैन्ये सुमारे तीन आठवडे समोरासमोर तंबू ठोकून होती. शुक्रावर झाडलेली गोळी शुक्राला लागली नसती, पण तिचा आवाज पलीकडे नक्की ऐकू गेला असता.

तसे झाले नाही, कारण जवानांनी पाहिले ते वेळेसह लिहून ठेवले आणि जाणकारांना विचारले. कडाक्याच्या थंडीत, रात्रीमागून रात्री केलेल्या त्या नोंदी नसत्या, तर शास्त्रज्ञांनी तरी वेळापत्रक कशाशी जुळवले असते? तेव्हा आज गच्चीवर जाताना वही, पेन्सिल आणि घड्याळ घ्यायला विसरू नका.