वाळलेल्या रक्तठिपक्यातून फवारणी-संपर्काची तपासणी : अचूकता कशी राखावी?

टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब शोषक कागदावर वाळवून तपासण्याची पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ मध्ये नवजात बालकांच्या तपासणीसाठी मांडली. उष्ण व दमट हवामानातही ती उपयोगी पडते का, याचा अभ्यास चेन्नईच्या वाय. आर. जी. केअर संस्थेच्या संशोधकांनी केला आणि एचआयव्ही सर्वेक्षणासाठी ती उपयुक्त असल्याचे २००२ मध्ये मांडले. शीतसाखळीविना नमुना दूर पाठविता येत असल्याने फवारणी करणाऱ्यांच्या तपासणीसाठीही या पद्धतीचा विचार होतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर अशा तपासणीची निकड अधिकच जाणवते.

काय मोजले जाते?

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके कोलिनेस्टरेज या विकराचे, म्हणजेच एन्झाइमचे, कार्य रोखतात. निरोगी व्यक्तींमध्येही याची पातळी वेगवेगळी असते. म्हणून फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीची पातळी ही त्या व्यक्तीची मूळ पातळी मानून पुढील तुलना करतात. कॅलिफोर्नियातील नियमांनुसार पातळी मूळच्या ८० टक्क्यांखाली गेल्यास कामाच्या पद्धतीची तपासणी होते. तांबड्या पेशींतील पातळी ७० टक्के किंवा त्याहून कमी झाल्यास त्या व्यक्तीस अशा कामापासून दूर ठेवतात. म्हणजे निर्णय २० ते ३० टक्क्यांच्या घटीवर अवलंबून असतो. नमुन्यातच १५ टक्क्यांची चूक असेल, तर खरी घट ओळखणे कठीण होते.

चूक कोठे होते?

रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण कमी असल्यास रक्त पातळ होऊन कागदावर अधिक पसरते. ठिपक्यातून कापलेल्या ठरावीक आकाराच्या चकतीत मग रक्त कमी येते. रक्तक्षय असलेल्या महिला मजुरांची पातळी त्यामुळे विनाकारण कमी दिसू शकते. यावर दोन उपाय आहेत : निष्कर्ष प्रतिग्रॅम हिमोग्लोबिन मांडणे, किंवा १० अथवा २० मायक्रोलिटर एवढेच रक्त शोषणारे टोक वापरणे.

निष्कर्षण

औषधांचे अंश काढण्यासाठी मिथेनॉलसारखी द्रावणे चालतात. मात्र त्यांनी विकर निकामी होते. तांबड्या पेशींतील कोलिनेस्टरेज पेशींच्या आवरणाला चिकटलेले असल्याने सौम्य डिटर्जंट मिसळलेल्या थंड बफर द्रावणात ते सोडवावे लागते. प्रथिनांची रचना मोडणारी रसायने लावलेले कागद येथे निरुपयोगी ठरतात. ठिपका जुना होत जातो तसे निष्कर्षण घटते. म्हणून तुलनेचे प्रमाण-नमुनेही त्याच कागदावर, तितकेच दिवस वाळवून ठेवलेले असावेत. काही व्यक्तींच्या शिरेतील रक्ताशी निष्कर्ष पडताळणेही आवश्यक आहे.

नमुना घेताना

- हात साबणाने स्वच्छ धुवावेत. बोटावरील कीटकनाशकाचा अंश नमुन्यातील विकर रोखून खोटी घट दाखवितो.
- पहिला थेंब पुसून टाकावा. बोट पिळू नये.
- एका वर्तुळात एकच थेंब सोडावा.
- कागद आडवा ठेवून सावलीत ३ ते ४ तास वाळवावा. ऊन किंवा गरम हवा देऊ नये.
- आर्द्रताशोषक पुडीसह बंद पिशवीत ठेवून शक्य तितक्या लवकर, थंडाव्यात पाठवावा. विकर नाजूक असते; चेन्नईच्या किनाऱ्याप्रमाणे विदर्भातील श्रावण-भाद्रपदाची दमट हवाही त्यास बाधक ठरते.

कार्बामेट गटातील कीटकनाशकांचा परिणाम काही तासांत ओसरू शकतो. त्यामुळे उशिरा घेतलेल्या नमुन्यात पातळी ठीक दिसली, तरी संपर्क झालाच नाही असे म्हणता येत नाही.

ही तपासणी हंगामातील देखरेखीसाठी आहे. मळमळ, घाम, लाळ सुटणे, अंधुक दिसणे किंवा श्वासास त्रास ही लक्षणे आढळल्यास अहवालाची वाट न पाहता, कीटकनाशकाच्या डब्यावरील माहितीपत्रकासह रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.