दार कुणासाठी बंद?

 

मागच्या वेळी आपण बचत गटाबद्दल बोललो. त्यानंतर एका दादांचा फोन आला. "ताई, पुरुषांनी बायकांना बाहेर ठेवलं तर अन्याय. मग तुमच्या गटात आम्हाला का नाही?" प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे.

आधी मुंबईची गोष्ट ऐका. सिनेमाच्या शूटिंगवर मेकअपचं काम करायचं तर संघटनेचं कार्ड लागायचं. आणि संघटनेचा नियम काय? मेकअप करणार पुरुष, बायकांनी फक्त केस करायचे. हातात कला असूनही बाईला ते काम उघडपणे करता येत नव्हतं. चारू खुराना आणि काही जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. नोव्हेंबर 2014 मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. कारण हे बंद दार बाईच्या भाकरीवरच येत होतं. कार्ड नाही तर काम नाही, आणि दुसरी वाट नाही.

आता पुण्याची हुजूरपागा. 1884 मध्ये ही फक्त मुलींची शाळा निघाली. तिच्यामुळे मुलग्यांचं शिक्षण अडलं का? नाही. त्यांच्या शाळा होत्याच. मुलींना मात्र मोठ्या शाळेची वाट नव्हती, ती इथे मिळाली.

आपल्या राज्यघटनेच्या 15 व्या कलमातही दोन्ही गोष्टी आहेत. सरकारने स्त्री-पुरुष असा भेद करायचा नाही, हे एक. आणि स्त्रिया व मुलांसाठी खास सोय करता येईल, हे दुसरं.

म्हणून कुठलाही गट पाहिला की विचारायचं, बाहेर राहिलेल्याचं काय अडतं? त्याला दुसरं दार आहे का?

दादा, तुमच्याकडे विकास सोसायटी आहे. तिथे पीककर्ज मिळतं ते सातबाऱ्यावर, आणि सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर. बाई शेतात दिवसभर राबते, पण कागदावर नसते. तिने कर्ज मागायचं कुठे? म्हणून ती गटात आली. तुम्हालाही तुमचा गट करता येतो, कुणी अडवत नाही.

मैत्रिणींनो, हीच फूटपट्टी आपल्यालाही लावू. शेजारची मजुरीवर जाणारी, हप्ता चुकेल या भीतीने आपण तिला गटात घेतलं नसेल, तर तिला दुसरं दार कुठलं? सावकाराचं! पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आणि घरी सातबाऱ्यावर आपलं नाव लावायचाही. ते लागेल तेव्हा सोसायटीचं दारही आपल्याला उघडेल.