जुन्या नाण्यांची सफाई : चकाकी येते, मोल जाते

लक्ष्मीपूजनाच्या निमित्ताने देवघरातील डबीतून चांदीचे जुने रुपये आणि तांब्याचे पैसे बाहेर निघतात आणि कलश-समयांबरोबर तेही चिंचेने किंवा रांगोळीने घासले जातात. कलशाचे यात फारसे बिघडत नाही. नाण्याचे मात्र कायमचे नुकसान होते. नाण्याची ओळख त्याच्या पृष्ठभागावर उमटलेल्या अक्षरांत, सनात आणि टाकसाळीच्या बारीकशा खुणेत असते. प्रत्येक घासणीबरोबर ती थोडी थोडी पुसली जाते.

नाण्यावर दिसणाऱ्या प्रत्येक डागाला सरसकट गंज म्हटले जाते, तेथूनच चूक सुरू होते. गंज फक्त लोखंडाला चढतो. भारतातील जुनी नाणी प्रामुख्याने तांबे, चांदी, ब्राँझ किंवा निकेलमिश्रित धातूंची आहेत. पोलादाची नाणी चलनात आली ती 1988 पासून, आणि तीही सहसा न गंजणाऱ्या पोलादाची. त्यामुळे आजोबांच्या पेटीत सापडलेल्या नाण्यावरचा थर बहुधा गंज नसून कळंक असतो. तांबे हवेतील प्राणवायूशी संयोग पावून आधी तपकिरी होते, पुढे ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे त्यावर हिरवट थर धरतो. चांदी काळवंडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. हा थर घट्ट, गुळगुळीत आणि एकसारखा असेल तर तो आतील धातूला एक प्रकारे कवचच पुरवतो. संग्राहक अशा थराला किंमत देतात, तर घासून गुलाबी केलेले तांब्याचे नाणे बाजूला सारतात.

चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा टोमॅटो सॉस यांतील आम्ल हा थर विरघळवते आणि त्याखालचा धातूही कुरतडते. शिवराईचे उदाहरण बोलके आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेले हे तांब्याचे नाणे ब्रिटिश अमदानीतही बराच काळ लोकांच्या हाती होते. त्यामुळे त्याच्या एका बाजूची ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूची ‘छत्रपति’ ही अक्षरे बहुतेक नाण्यांवर आधीच झिजलेली असतात. अनेकदा अक्षराचा उठाव जाणवतो तो केवळ खोलगट भागात साचलेल्या गडद थरामुळे. आम्लाने तो गेला की नाणे उजळते, पण वाचता येत नाही. अंकुशी रुपयावरील अंकुश किंवा स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सनाखाली असलेला मुंबई टाकसाळीचा चौकट आणि हैदराबादचा तारा यांसारख्या खुणाही अशाच घासणीत हरवतात.

चांदीसाठी अॅल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांची युक्ती लोकप्रिय आहे. तिच्यातील रसायन खरे आहे. अॅल्युमिनियम गंधक ओढून घेते आणि काळा थर पुन्हा चांदीत बदलतो. मात्र ती चांदी मूळ झळाळीची नसते. पृष्ठभाग फिका, निर्जीव दिसू लागतो. 1835 ते 1939 या काळातील रुपयांत सुमारे 91.7 टक्के चांदी आहे, तर 1940 पासूनच्या चांदीच्या रुपयांत ती निम्मीच असून उरलेल्या भागात तांबे, निकेल आणि जस्त आहे. साहजिकच एकच उपाय दोहोंवर सारखा चालत नाही. तीन पैशांसारख्या अॅल्युमिनियमच्या नाण्यांना तर सोड्यापासून दूरच ठेवावे.

मग घरी करता येण्याजोगे काय उरते? धूळ, माती आणि हाताचा तेलकटपणा काढणे, एवढेच. नाणे कडेने धरावे आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही तास, माती घट्ट असल्यास काही दिवस, पाणी बदलत भिजू द्यावे. नळाच्या पाण्यातील क्लोराइड तांब्याला बाधते, म्हणून ते टाळावे. मऊ झालेली माती बांबूच्या टोकदार काडीने, जोर न लावता, उचलावी. टूथब्रश कितीही मऊ असला तरी चकाकत्या नाण्यावर त्याचे ओरखडे उमटतात. जुना डिंक किंवा चिकटपट्टीचे अवशेष शुद्ध अॅसिटोनमध्ये सुटतात व धातूला इजा होत नाही. पण नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात रंग व सुगंध मिसळलेले असतात, ते वापरू नये. अॅसिटोन झटकन पेट घेते, तेव्हा गॅसच्या शेगडीजवळ हा प्रयोग नको. शेवटी नाणे सुती कापडावर ठेवून टिपावे, पुसू नये. आधी चलनातल्या एखाद्या कमी किमतीच्या नाण्यावर हात बसवून घेणे केव्हाही शहाणपणाचे.

एका बाबतीत मात्र स्वस्थ बसणे महागात पडते. तांबे किंवा ब्राँझच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी, नखाने खरवडली जाणारी पुटे दिसू लागली तर तो निरुपद्रवी कळंक नव्हे. धातूत शिरलेले क्लोराइड दमट हवेत आम्ल तयार करते, ते आणखी धातू खाते आणि हे चक्र थांबत नाही. संवर्धक याला ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात. कोकण, गोवा, चेन्नई अशा किनारी भागांत त्याचा धोका अधिक. असे नाणे तत्काळ इतरांपासून वेगळे करून सिलिका जेलसह कोरड्या डबीत ठेवावे. पुढचा उपचार घरचा नाही. त्यासाठी संग्रहालयाच्या संवर्धन विभागाकडे जावे. लखनऊ येथील राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा याच क्षेत्रात काम करते.

पीव्हीसीच्या मऊ पाकिटांचे अल्बमही टाळलेले बरे. कालांतराने त्यांतून आम्लधर्मी द्रव्य सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट लेप बसतो.

सफाईचा हा सोस अलीकडे वाढण्यामागे समाजमाध्यमांवरील ‘जुन्या नाण्याला लाखो रुपये’ या जाहिरातींचाही हात आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये याबाबत सावध केले होते. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असे तिने स्पष्ट केले होते. दुर्मीळ नाण्याला चांगला भाव येतो हे खरे, पण जाणकार ग्राहक भिंगातून सर्वप्रथम घासल्याच्या रेघा शोधतो.

शेतात किंवा पाया खणताना सापडलेल्या नाण्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 नुसार जमिनीत दडलेला 10 रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत. अशी नाणी धुऊ नयेत आणि एकमेकांना चिकटलेली असल्यास सुटी करू नयेत. ज्या भांड्यात ती सापडली त्याचे तुकडेही जपून ठेवावेत. नाण्यांना लागलेली माती आणि त्यांची मूळ रचना पाहूनच तो साठा केव्हा पुरला गेला असावा, याचा माग अभ्यासकांना काढता येतो.